जुन्या कॉम्प्युटरची रॅम वाढवताय? खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही

मार्च जवळ आला की सांगलीत गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत एकच रड ऐकू येते. टॅली उघडायला वेळ लागतो, जीएसटीचं पोर्टल आणि चार टॅब उघडले की मशीन हँग. शेजारच्या गाळ्यातून सल्लाही ठरलेला असतो, "रॅम टाका की चार जीबीची!" रॅम म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो, घोळ पुढं होतो. दुकानात जाऊन "डीडीआर थ्री, चार जीबी" (म्हणजे रॅमची पिढी आणि क्षमता) एवढंच सांगून रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, आणली जाते, ती खाचेत झकास बसते आणि बटण दाबल्यावर पडदा काळा.

स्टिक बोर्डात (मदरबोर्डमध्ये) बसते की नाही, ही पहिली आणि सगळ्यात सोपी चाळणी. तिच्यानंतर व्होल्टेज, चिपची घनता, स्टिकचा प्रकार, बोर्डाची आणि प्रोसेसरची मर्यादा, शेवटी विंडोजची मर्यादा अशा चाळण्या लागतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळं रॅमचे भाव जगभर चढलेत. चुकीची स्टिक आणणं आता खिशाला लागतं. म्हणून खालची तपासणी पैसे देण्याआधी करायची, नंतर नाही.

आधी बघा, रॅम खरंच कमी पडतेय का

रोजचं काम जसं चालतं तसं सगळं उघडा: टॅली, ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, एक्सेल, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरी आणि डिस्क या दोन्हींचे आकडे पाच-दहा मिनिटं काम करता करता बघत राहा.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास अडकली असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. पण मेमरी साठ टक्क्यांवर आणि डिस्क सतत शंभरावर असेल, तर दुखणं वेगळं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टाका, मशीन ओळखू येणार नाही. माझं स्पष्ट मत असं की दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील आणि मशीनमध्ये चार जीबी रॅम आधीच असेल, तर पहिली एसएसडी. मेमरी आणि डिस्क दोन्ही भरलेल्या दिसल्या तर मात्र रॅम कमी पडतेय म्हणून विंडोज डिस्कवर ओझं टाकतंय असंही असू शकतं. मग दोन्ही करावं लागतं.

विंडोज किती बिटचं आहे

ही पायरी लोक सर्रास विसरतात. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट असं जा. सिस्टीम टाइपसमोर ३२ बिट लिहिलेलं असेल तर आठ जीबी टाका नाहीतर सोळा, विंडोज चार जीबीच्या वर जाणार नाही. त्यातलीही सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरता येते, बाकीचे पत्ते बोर्डावरच्या इतर भागांसाठी राखून ठेवलेले असतात.

त्याच ओळीत प्रोसेसर ६४ बिटचा असल्याचं लिहिलेलं असेल तर ६४ बिटचं विंडोज टाकता येतं. पण ते जुन्यावर चढवता येत नाही, नव्यानं फॉरमॅट मारूनच टाकावं लागतं. तेव्हा टॅलीचा डेटा फोल्डर, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीचं टोकन चालवणारं सॉफ्टवेअर हे सगळं आधी बाजूला काढून ठेवा. विंडोज ७ अजून चालवत असाल तर आणखी एक मेख आहे. ६४ बिटच्या होम बेसिकला ८ जीबीची आणि होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा आहे. स्टार्टरला तर फक्त २ जीबी.

आत्ता आत काय आहे

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खाली उजवीकडं स्पीड, किती स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) वापरात आहेत आणि फॉर्म फॅक्टर (स्टिकचा आकार) हे लिहिलेलं असतं. सुरुवातीला तेवढं पुरे. पण स्लॉटच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही बोर्ड 'चारपैकी दोन' असं सांगतात आणि झाकण काढल्यावर दोनच स्लॉट दिसतात.

नेमकी माहिती हवी तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते सीपीयूआयडी या मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या. त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणारी मुख्य चिप) मिळतो, मेमरी टॅबमध्ये डीडीआरची पिढी, आणि एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्टिकचा बनवणारा, क्षमता आणि पार्ट नंबर. मेमरी टॅबमधली फ्रिक्वेन्सी बघून मात्र गडबडू नका. तिथं ६६५ दिसलं तर तुमची रॅम १३३३ ची आहे. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवणारी मेमरी, आणि हे सॉफ्टवेअर ठोके दाखवतं. "माझी रॅम अर्ध्या स्पीडनं चालतेय" म्हणून कळवळणारे बहुतेक लोक हाच आकडा बघत असतात.

मशीन चालूच होत नसेल तर झाकण काढा. बोर्डाचं मॉडेल प्रोसेसर आणि स्लॉटच्या आसपास मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हळदीच्या पेढीवरचं मशीन असेल तर ते वाचायच्या आधी ब्रश फिरवावा लागेल, आत पिवळा थर असतोच.

मर्यादा कोण ठरवतं: बोर्ड की प्रोसेसर?

दोघंही, आणि ते मशीनच्या वयावर अवलंबून आहे. कोअर टू ड्युओच्या काळापर्यंत इंटेलच्या मशीनमध्ये मेमरी सांभाळणारा कंट्रोलर चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावर असायचा. कोअर आय मालिकेपासून तो प्रोसेसरच्या आत गेला. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या दुसऱ्या कंपनीनं हे काम त्याआधीच, २००३ मध्ये ॲथलॉन ६४ पासून केलं होतं. त्यामुळं कोअर टू ड्युओ असेल तर चिपसेट बघा. आय३, आय५ असेल तर प्रोसेसरचं पान आणि बोर्डाचं पान दोन्ही बघा, आणि दोन्हींतला लहान आकडा खरा धरा. इंटेलच्या साइटवर प्रोसेसरचा नंबर टाकला की जास्तीत जास्त मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, हे लिहिलेलं मिळतं.

आपल्याकडच्या दुकानांत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये जे बोर्ड हमखास सापडतात त्यांचे आकडे, चिपसेटच्या नावानं, असे: जी३१ असेल तर डीडीआर२ आणि एकूण ४ जीबी. जी४१ असेल तर ८ जीबी, आणि तो डीडीआर२ चाही येतो, डीडीआर३ चाही, म्हणून बघूनच घ्या. एच६१ आणि एच८१ ला डीडीआर३, दोन स्लॉट, एकूण १६ जीबी. एच११० ला दोन स्लॉटमध्ये ३२ जीबी, बहुतेक बोर्ड डीडीआर४ चे.

एकूण मर्यादेला स्लॉटच्या संख्येनं भागा. जो आकडा येईल तो एका स्टिकची कमाल. जी४१ ला एकूण ८ जीबी चालते याचा अर्थ ४ जीबीच्या दोन स्टिक चालतात, ८ जीबीची एक नव्हे.

घनतेचा डाव

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. यार्डातल्या एका पेढीवर जी४१ चा बोर्ड होता, डीडीआर३, आत २ जीबीची एक स्टिक. शेठनी ऑनलाइन ४ जीबीची मागवली. पिढी बरोबर, क्षमता मर्यादेच्या आत, स्पीडही ठीक. मशीन मात्र उठेना. रिपेअरला आलेल्या पोरानं स्टिक उलटीसुलटी केली. एका बाजूला आठ काळे चौकोन, मागची बाजू कोरी.

"शेठ, ही ह्या बोर्डाला चालायची नाही."

"अरे, बसली की व्यवस्थित!"

"बसली हो, पण हिला सोळा चिपा पाहिजेत."

पोराचं बरोबर होतं. ४ जीबीची स्टिक दोन तऱ्हेनं बनते. एकीत २ गिगाबिटच्या (आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी) सोळा चिप असतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. दुसरीत ४ गिगाबिटच्या आठच चिप. बेरीज दोन्हीकडं ४ जीबीच. पण जी४१ चा कंट्रोलर २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप ओळखत नाही. यार्डाच्या भाषेत सांगायचं तर माल तेवढाच, पण हमाल पन्नास किलोचं पोतं उचलणारा आणि तुम्ही शंभर किलोची पोती भरून ठेवलीत. नंतरच्या काळात सोळा चिपवाल्या ४ जीबीच्या स्टिक बनणं कमी होत गेलं, त्यामुळं जी४१ साठी जुन्या मशीनमधून काढलेली स्टिकच बरी पडते.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या कोअर आय प्रोसेसरना ४ गिगाबिटची चिप चालते. म्हणून एच६१ आणि एच८१ वर ८ जीबीची सोळा चिपवाली स्टिक बिनधास्त बसते. डीडीआर३ ची १६ जीबीची एकच स्टिक मात्र या मशीनना चालत नाही.

याच घरातला दुसरा सापळा म्हणजे ऑनलाइन मिळणारी अगदी स्वस्त डीडीआर२ किंवा डीडीआर३ रॅम. वर्णनात कुठंतरी खाली बारीक अक्षरात 'फक्त एएमडी बोर्डासाठी' असं असतं. या स्टिकवरच्या चिपची आतली रचना इंटेलच्या डेस्कटॉप कंट्रोलरला चालत नाही. तुमचं मशीन इंटेलचं असेल तर कितीही स्वस्त असली तरी तिच्याकडं बघू नका.

स्टिकवरचं लेबल वाचा

मशीन बंद करून, वायर काढून जुनी स्टिक बाहेर काढा आणि मोबाइलनं लेबलचा फोटो घ्या. बहुतेक चांगल्या स्टिकवर अशी एक ओळ असते: ४जीबी २आर×८ पीसी३-१२८००यू. लेबलवर ती रोमन अक्षरांत असते, पण क्रम हाच.

४जीबी ही क्षमता. २आर म्हणजे दोन रँक, सोप्या भाषेत चिपचे दोन गट. ×८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते. घरगुती इंटेल मशीनना ×८ लागते, नंतरच्या काळातल्या काही स्टिकवर ×१६ ही असते. तिथं ×४ दिसलं की समजा, ती स्टिक सर्व्हरची आहे किंवा वर सांगितलेल्या एएमडीवाल्या जातीची.

पीसी३ म्हणजे डीडीआर३. पीसी२ असेल तर डीडीआर२, पीसी४ असेल तर डीडीआर४. पीसी३ च्या पुढं एल असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी. १२८०० हा सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात त्याचा आकडा, त्याला आठनं भागलं की ओळखीचा स्पीड मिळतो: १६००. तसंच १०६०० म्हणजे १३३३, पीसी२-६४०० म्हणजे ८००, पीसी४-१९२०० म्हणजे २४००.

आणि शेवटचं अक्षर, ज्याच्याकडं कुणी बघत नाही. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची. एस म्हणजे लॅपटॉपची. ई म्हणजे चूक दुरुस्त करणारी ईसीसी. आर म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड. जुने सर्व्हर मोडीत निघाले की ही आर वाली रॅम ८ आणि १६ जीबीच्या स्टिकमध्ये स्वस्तात मिळते. लांबी तीच, पिना तेवढ्याच, स्टिकच्या तळाची खाचही जुळते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालतच नाही. 'ओरिजिनल ब्रँडेड रॅम, अर्ध्या किमतीत' असं कुणी म्हणालं की आधी हे अक्षर वाचा.

पिढी आणि व्होल्टेज

डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, पण स्टिकच्या तळाची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळं एक दुसरीत जात नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो, आणि तशी मोडलेली मशीनं दुरुस्तीला येतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८ पिना, खाच इथंही वेगळी. व्होल्टेज उतरत गेलंय: डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. पिढ्यांची सरमिसळ कुठल्याच बोर्डावर होत नाही.

डीडीआर३ मध्येच दोन जाती आहेत, १.५ व्होल्टची आणि १.३५ ची एल वाली. एल वाली साधारणपणे दोन्हीकडं चालते. उलटं खरं नाही. चौथ्या पिढीच्या कोअर आयपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना फक्त १.३५ ची लागते, १.५ ची लावली तर ते चालू होत नाहीत. शंका असेल तर एल वाली घ्या, भानगड मिटली.

लॅपटॉप, छोटी मशीनं आणि ऑल-इन-वन

लॅपटॉपची स्टिक आखूड असते: डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. ऑल-इन-वन (स्क्रीनच्या मागंच सगळं मशीन असलेले) आणि पुस्तकाएवढे छोटे ऑफिस डेस्कटॉप बहुधा हीच आखूड स्टिक घेतात. डेस्कटॉप आहे म्हणून लांब स्टिक आणली आणि परत गेला, हे नेहमीचं.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. काहींत ४ जीबी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, काहींत स्लॉटच नाही. टास्क मॅनेजरमध्ये स्लॉट दिसतो म्हणून नवी स्टिक मागवू नका. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा किंवा खालचं झाकण उघडून डोळ्यांनी खात्री करा. ब्रँडेड मशीनसाठी किंग्स्टनसारख्या रॅम कंपनीच्या साइटवर मॉडेल निवडून जुळणारी रॅम शोधायची सोय आहे. विश्रामबागच्या दुकानात जायच्या आधी ती पाच मिनिटं घालवा.

स्पीड आणि जोडी

याचा फार बाऊ नको. १३३३ आणि १६०० एकत्र लावल्या तर दोन्ही १३३३ वर चालतात. प्रोसेसरच १३३३ पर्यंतचा असेल, जसा दुसऱ्या पिढीचा आय३, तर १६०० ची स्टिकही १३३३ वर उतरते. बिघडत काही नाही, जादा पैसे तेवढे वाया. सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक लावल्या तर ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा फायदा जाणवतो, म्हणून ८ च्या एकीपेक्षा ४-४ ची जोडी बरी. चार स्लॉट असतील तर एका रंगाचे दोन स्लॉट भरा, बहुतेक बोर्डांवर ती जोडी असते.

खरेदी करताना

जुनी स्टिक सोबत न्या, निदान लेबलचा आणि बोर्डाच्या नावाचा फोटो तरी. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "दादा, बोर्डाला चालली नाही तर बदलून द्याल का?" हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. ओळखीचा दुकानदार शंभर-दोनशे जास्त घेत असेल तरी जुन्या मशीनसाठी मी ऑनलाइनपेक्षा त्याच्याकडंच जाईन, कारण तिथं मशीन नेऊन लावून बघता येतं.

सेकंड हँड स्टिक घेताना सोनेरी पट्ट्या उजेडात धरून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शहरात किती आत आलं होतं ते सांगायला नको. पाण्यात राहिलेल्या भागांवर पट्ट्यांच्या मुळाशी हिरवट-पांढरा थर, चिपच्या कडेला वाळलेला गाळ, नाहीतर लेबलची फुगलेली किनार दिसते. अशी स्टिक आज चालली तरी पावसाळ्यात दगा देते.

मशीन डीडीआर२ चं असेल तर खर्चाचा पुन्हा विचार करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. बिल छापायला ठेवलेलं मशीन असेल तर ठीक, बँकेचे व्यवहार करायचे असतील तर त्यात पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

बसवणं आणि तपासणं

वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावा, नायलॉनचे कपडे घातले असतील तर नक्कीच. जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबरानं हळू घासा आणि भुगा झटकून टाका. स्लॉटमध्ये भुगा गेला तर नवीनच कटकट. स्टिक सरळ धरून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, खटका नीट वाजला पाहिजे.

पहिल्यांदा फक्त नवी स्टिक एकटी लावून चालू करा. चालली की जुनी जोडा. पडदा काळा राहिला किंवा बीप-बीप सुरू झालं तर घाबरू नका: दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, मग बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावा. बायोसची (मशीन सुरू होताना चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) तारीख आणि वेळ त्यानं जाते, ती पुन्हा टाका.

बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसतोय पण विंडोजमध्ये कमी, तर दोन शक्यता. थोडीशीच कमी असेल तर बोर्डावरच्या ग्राफिक्सनं घेतली, ते ठीक आहे. खूप कमी असेल तर एमएस-कॉन्फिग उघडून बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण चुकून पडलीय का बघा. पडली असेल तर काढा.

शेवटी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. ते जमत नसेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, ते विंडोजमध्येच असतं. एक जरी चूक दाखवली तरी स्टिक परत. 'एवढ्या तेवढ्यानं काय होतंय' असं रॅमच्या बाबतीत चालत नाही, कारण ती एक चूक एखाद्या दिवशी टॅलीच्या फाइलमध्ये जाऊन बसते. तपासणी स्वच्छ निघाली तरी काढलेली जुनी स्टिक आठवडाभर विकू नका, कागदात गुंडाळून कॅबिनेटवरच ठेवा, आणि त्या आठवड्यात डेटाचा बॅकअप रोज घ्या.